मालकाची उचल

६ जानेवारी

हिशेब बघणाऱ्या समीक्षा मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही आणली. बारावीनंतर मी बिलाशिवाय काही लिहिलेलं नाही, आणि बिलंसुद्धा निम्मी तोंडीच. त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअर नंतर शिकवते. आधी थोडे दिवस संध्याकाळी लिहा. पैसे कुठून आले, कुठे गेले आणि का गेले." 'का' कशाला पाहिजे, ते विचारायचं राहिलं.

तर लिहितो. मी बुद्धरत्न. महाडात मंडप-डेकोरेशनचा धंदा. वडिलांनी बांबू आणि सुतळीवर सुरू केला. आता माझ्याकडे लोखंडी पाइप, खुर्च्या, स्टेज, एक जनरेटर आणि टेम्पो आहे. पुरात गोडाऊन पत्र्यापर्यंत भरलं होतं, त्यानंतर सगळं कर्ज काढून पुन्हा उभं केलं. तेव्हापासून पैसा हातात टिकत नाही. लग्नसराईत येतो, पावसाळ्यात जातो, आणि मी मधे उभा.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं कारण लिहून ठेवतो. मला धंदा विकायचा आहे. सुशांत आमच्याच लाइनमधला मोठा माणूस, सगळा माल घ्यायला तयार आहे. त्याने साधं विचारलं, "रत्ना, वर्षाला सुटतात किती?" इतकी वर्षं धंदा करून मला सांगता आलं नाही. म्हणून मॅडमच्या ऑफिसचा जिना चढलो.

प्रियाला अजून काही बोललेलो नाही. तिच्या भावाने, अश्विनने, एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठी शब्द टाकलाय. तो निरोप घेऊन आला तेव्हा प्रिया एवढंच म्हणाली, "तुम्हाला झेपेल ते करा." बायको असं म्हणाली की काय ते समजायचं. बारा महिने पगार, पीएफ, रविवारी घरी. तिला तेच हवं असणार. कुणाला नको?

१० जानेवारी

फोनमध्ये सॉफ्टवेअर आलं. मॅडम पोलादपूरच्या, रोज एसटीने येतात. माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी लहान असतील, पण समोर बसलं की शाळेत बसल्यासारखं होतं.

पहिलाच प्रश्न, "धंद्याचं खातं कोणतं?"

म्हटलं, "एकच आहे."

"आणि घरचं?"

"तेच."

त्यांनी बँकेचं स्टेटमेंट वर-खाली करून पाहिलं. डिझेल, गॅस सिलिंडर, कामावरच्या पांडूची मजुरी, आईच्या गोळ्या, टेम्पोचा हप्ता, कुणाच्या तरी बारशाचा आहेर, सगळं एकाखाली एक. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "दादा, धंद्याचं खातं उद्याच वेगळं काढा. गिऱ्हाइकाचे पैसे तिथेच आले पाहिजेत. घरी लागले की तिथून घ्या, पण घेतले असं लिहा. त्याला म्हणायचं मालकाची उचल."

"माझ्याच पैशाची मीच उचल?"

"हो. कारण ते आधी धंद्याचे आहेत."

हे मला पटलेलं नाही.

१५ जानेवारी

नवीन खातं झालं. रोख पैशासाठी मी शर्टाचे दोन खिसे ठरवले. डावा धंद्याचा, उजवा घरचा. आईने पाहिलं आणि म्हणाली, "काय रं, दोन बायका केल्यास काय?" प्रिया ओट्याकडे तोंड करून हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी डाव्या खिशातून मासळी घेतली. लक्षात आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टाकायला गेलो तर 'बोंबील' कुठे टाकायचे कळेना. 'कच्चा माल' मध्ये टाकले.

२१ जानेवारी

मॅडमनी बोंबील शोधून काढले. आज त्या हसल्या.

एप्रिलपासूनचं जुनं स्टेटमेंटही त्यांनी आत घेतलंय. आता प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, घर की धंदा. मला अर्ध्या ओळी आठवत नाहीत. प्रियाला आठवतात. भाजी निवडता निवडता सांगते, "हे आईंच्या गुडघ्याचे. हे टेम्पोच्या टायरचे, कशेडीत फुटला होता बघा. हे तुम्ही तुमच्या मित्राला दिलेत, परत आले नाहीत." चढा आवाज नाही, काही नाही. तेच जास्त लागतं. माझ्या उधळपट्टीची यादीच वाचून दाखवतेय असं वाटलं. नोकरी असती तर ही वेळ आली नसती, हे न बोलता सांगायची तिची पद्धत.

३ फेब्रुवारी

प्रिया हल्ली संध्याकाळी माझा फोन मागून घेते आणि खिडकीत बसते. तासभर. मी काय विचारायचं? भावाशी बोलत असेल जागेबद्दल. मी मुद्दाम गोडाऊनला जाऊन बसतो, म्हणजे तिला मोकळं बोलता येईल.

९ फेब्रुवारी

उमरठला हैबती आजोबांच्या नातीचं लग्न. चार दिवस तिकडेच होतो, म्हणून वही राहिली.

ठरवायला गेलो तेव्हाच आजोबा म्हणाले होते, "तुझ्या बापानं आमच्या थोरल्याचा मांडव घातला व्हता. त्यानं काय घेतलं ठाव हाय? पायली भात आनि नारळ."

म्हटलं, "आजोबा, टेम्पो भातावर चालत नाय."

"तर काय, डिझेलवर. पर तू आमचाच हायस." आणि मी दोन हजार कमी केले. आमचाच म्हटलं की मी दरवेळी दोन हजार कमी करतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जनरेटर बसला. लाइट आधीच गेलेली, हळद लागायची वेळ, अंगणात शे-दीडशे माणूस. त्यांच्या घरच्या बनुबाई आजी कंदील घेऊन आल्या आणि नवरीला उजेडात बसवून म्हणाल्या, "लागूद्या हळद, आमची काय लाइटीत लागली व्हती?" सगळे हसले, मी सोडून. पांडूने पोलादपूरहून दुसरा जनरेटर भाड्याने आणला. तो सुरू झाला तेव्हा बायका ओरडल्या, आणि मला आधी त्याचं भाडं दिसलं.

परत आल्यावर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कामाला नाव दिलं, 'उमरठ लग्न', आणि आलं-गेलं सगळं त्याखाली टाकलं. जेमतेम तीन हजार सुटले. चार दिवस, चार माणसं, तीन हजार. खुर्च्या आणि मंडपाने कमावलं ते सगळं जनरेटरने खाल्लं. हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर! पण आता काय उपयोग, जायचंच आहे.

२० फेब्रुवारी

सुशांत गोडाऊन बघायला आला. खुर्च्यांची चवड पायाने हलवून बघितली. पाइप वाजवून बघितले. माणूस वाईट नाही, माल घेणारा असंच बघणार. पण वडिलांच्या वेळची एक लाकडी पेटी आहे खिळे-हातोड्याची, ती त्याने उघडली तेव्हा मी म्हणालो, "ती नाही द्यायची." त्याने बंद केली.

पांडू टेम्पो धुवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

२७ फेब्रुवारी

पांडूची तब्येत बरी नाही वाटतं. आठ दिवस माझ्यासोबत डबा खात नाही. गावाहून, कापड्याहून, भाकरी आणतो आणि टेम्पोच्या मागे बसून खातो. विचारलं तर, "नाय, भूक नाय." आज म्हणाला, "मुलीकडं पनवेलला जाईन म्हन्तो. तिथं बिल्डिंगवर वॉचमन पायजे."

मी म्हटलं, "एवढ्यात कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग कधी?"

डॉक्टरकडे न्यायला हवं त्याला.

४ मार्च

विसार घेतला. पंचवीस हजार. सुशांतने फोनवरूनच पाठवले, पाठीवर थाप मारली. एप्रिलच्या मध्याला माल उचलायचा. यंदाचा २० मार्चचा चवदार तळ्याचा मंडप मीच घालणार, ती अट घातली. तो म्हणाला, "ती अट काय घालायची, रत्ना."

हलकं वाटायला हवं होतं. घरी आलो तर अंगणात दोरीवर सगळे पडदे आणि झालरी धुऊन वाळत घातलेल्या. प्रिया आणि आई दोघी बसून फाटकं शिवत होत्या. प्रियाने निळ्या झालरीला नवीन किनार लावलेली, हौसेने. मी म्हटलं, "एवढं कशाला?"

"हंगाम तोंडावर आलाय," ती म्हणाली. "फाटकं नेणार का?"

मला बरं वाटलं. माल नीट दिसला तर सुशांत किमतीत घासाघीस करणार नाही.

२१ मार्च

काल दिवसभर चवदार तळ्याजवळ. दरवर्षीप्रमाणे सावलीचा मंडप, सतरंज्या, पाण्याचे पिंप. वडील घालायचे, मी घालतो. परभणीच्या बसमधून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई सतरंजीवर आडव्या झाल्या आणि तिथेच झोपल्या. त्यांची नात पदराने वारा घालत होती. उठल्यावर त्यांनी मंडपाकडे वर पाहिलं, निळी झालर बघितली आणि विचारलं, "कोणी बांधलं रे बाबा हे?" मी बाजूलाच होतो. पण प्रिया पुढे झाली आणि म्हणाली, "आम्ही. दरवर्षी आम्हीच बांधतो. पुढल्या वर्षी या, इथेच बसा."

पुढल्या वर्षी! मी पिंपाकडे निघून गेलो. बोलायच्या ओघात म्हणाली असेल.

२५ मार्च

मॅडमशी आज थोडं वाजलं.

त्या म्हणाल्या, "हे '२० मार्च' नावाचं काम आहे. खर्च दिसतोय, बिल दिसत नाही."

"त्याचं बिल नसतं, मॅडम."

"ते मला कळतं."

"बाबासाहेबांच्या कामाचं बिल करू मी?" माझा आवाज चढला. बाहेर बसलेला माणूस आत डोकावला.

त्या शांतच. म्हणाल्या, "दादा, बिल करा असं मी म्हणालेच नाही. पण डिझेल लागलं, चार माणसांची मजुरी गेली, ती तुम्ही धंद्याचा तोटा म्हणून लिहिलीत. दरवर्षी तसंच धरत असणार. तो तोटा नाही. तुम्ही दिलंय ते. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या हाताने. मग तसं लिहा. मालकाची उचल, आणि पुढे लिहा, दान."

मग त्या एकेक ओळ दाखवू लागल्या. मित्राला दिलेले, आईचा गुडघा, गावच्या विहाराची वर्गणी, हैबती आजोबांचे कमी केलेले दोन हजार. "यातलं काहीच वाईट नाही. पण धंद्याने हे बुडवलं असं तुम्ही समजत बसलात."

जिना उतरताना पाय हलके का वाटत होते, कळत नव्हतं. दान म्हणजे तोटा नाही. एवढी साधी गोष्ट.

५ एप्रिल

वर्ष बंद झालं. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "घरी तुम्ही काय उचललं ते बाजूला ठेवा. टेम्पोचा हप्ता, मजुरी, पावसाळ्याचे रिकामे महिने, सगळं वजा जाऊन तुमच्या धंद्याने वर्षाला एवढे मिळवले."

मी आकड्याला बाराने भागलं. पुन्हा भागलं. सुपरवायझरच्या पगाराच्या दुपटीपेक्षा थोडंसं कमी.

"चुकलं असेल," मी म्हटलं.

"मलाही वाटलं, म्हणून दोनदा तपासलं. घरचा खर्च इतका व्यवस्थित लिहिलाय तुम्ही, की चुकायला जागा नाही. जनरेटर मात्र विकून टाका. लागेल तेव्हा भाड्याने घ्या."

घरचा खर्च मी व्यवस्थित लिहिला? मी तर जानेवारीनंतर घरचं काही टाकलेलंच नाही. पण तेव्हा डोक्यात एवढं शिरलं नाही. डोक्यात एकच होतं, विसार. आमच्या लाइनमध्ये रीत आहे, घेणाऱ्याने मोडला तर तो बुडतो, विकणाऱ्याने मोडला तर दुप्पट द्यायचा.

दुपारभर गाडीतळावर टेम्पोत बसून राहिलो.

६ एप्रिल

कालचं आज लिहितोय.

जेवायला बसलो. आई शेजारी गेलेली. प्रियाने आमटी वाढली आणि म्हणाली, "सुशांतभाऊंचा विसार परत कधी करताय?"

मी म्हटलं, "तुला पांडूने सांगितलं?"

"पांडूकाका काही बोलले नाहीत. मला वाटतं ते कुणाशीच बोलत नाहीत महिनाभर. एंट्री मीच केली ना. चार मार्च, पंचवीस हजार, नाव सुशांत. त्यांनी आपल्याकडून कधी काही भाड्याने घेतलेलं नाही, मग कशाचे? 'विसार' लिहिलं आणि ठेवून दिलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"तू एंट्री करतेस?"

"मग कोण करतं? रोज संध्याकाळी फोन घेऊन बसते ते काय बघायला?"

मला वाटलेलं ते सांगितलं असतं तर तिने पळी माझ्या डोक्यात घातली असती. मी म्हटलं, "पण तुलाच ती नोकरी हवी होती ना?"

"कुणी सांगितलं?"

"तूच. झेपेल ते करा म्हणालीस."

"हो, म्हणाले." ती समोर बसली. "पूर ओसरला तेव्हा तुम्ही, मी आणि पांडूकाकांनी एकेक खुर्ची घासून चिखल काढला. तेव्हा झेपलं. मग मला वाटलं, आता तुम्हाला झेपेनासं झालं असेल, तर मी ओढायचं नाही. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मला हा धंदा आवडतो. लोकांच्या घरी चांगलं काही असलं की आपल्याला बोलावतात."

मग मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही. तिने आमटीचं भांडं बाजूला केलं आणि बसून राहिली. नंतर म्हणाली, "दुप्पट मागितले तर देऊ. जनरेटर विकून येतील तेवढे."

तिने ते आधीच बघून ठेवलं होतं.

८ एप्रिल

सुशांतकडे दोघं गेलो. मी वाटेत बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हटलं, "नाही जमत विकायला."

तो प्रियाकडे बघून म्हणाला, "वहिनी आल्या तेव्हाच कळलं." त्याला राग आला होता, लपवला नाही. म्हणाला, "मी माल ठेवायला जागेचं भाडं ठरवून बसलोय." मी पन्नास हजार पुढे ठेवायला फोन काढला. त्याने हात केला. "पंचवीस परत कर. वरचे नकोत. पण मे महिन्यातल्या मोठ्या तारखांना तुझ्या खुर्च्या मला आपसातल्या, धंद्याच्या दराने पाहिजेत. आणि तो जनरेटर मी घेतो, माझ्याकडे मेकॅनिक आहे."

प्रिया म्हणाली, "धंद्याचा दर किती?"

सुशांतने दर सांगितला. तिने दीड रुपया वर सांगितला. मी असतो तर दोन हजार कमी केले असते. पाऊण रुपया वाढवून मिटलं.

बाहेर आल्यावर ऊन रणरणत होतं. आम्ही उसाचा रस प्यायलो. मला वाटतं पुरानंतर पहिल्यांदा मी एवढा लांब श्वास घेतला.

९ एप्रिल

पांडूला सांगितलं. तो पाना हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "मला वाटलं, तू मला तरी सांगशील रे."

म्हटलं, "चुकलं."

"मी मुलीला सांगून ठेवलंय येतो म्हनून. आता तिला काय सांगू?"

"सांग, पावसाळ्यात येतो. फिरायला."

दुपारी त्याने टेम्पोच्या पुढे येऊन डबा सोडला. सुकटीची चटणी होती. अर्धी माझ्या डब्यात टाकली, विचारलंही नाही.

तब्येतीला काही झालेलं नव्हतं त्याच्या.

१८ एप्रिल

जयंतीची कामं चौदाला संपली, तेव्हापासून लग्नं. बसायला वेळ नाही. अश्विनला फोन करून नोकरीला नकार कळवला. तो म्हणाला, "ताई मला जानेवारीतच म्हणाली होती, हे नाही यायचे." बहीण-भाऊ एवढंच बोलले होते म्हणे, तेही एकदाच.

आता प्रत्येक काम ठरवताना प्रिया सोबत असते किंवा फोनवर असते. कुणी 'तू आमचाच' म्हणालं की मी फोन तिच्याकडे देतो.

२ मे

मॅडमचं आणखी एक म्हणणं होतं. उचल वाटेल तेव्हा करायची नाही. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेला पगार घ्यायचा, स्वतःलासुद्धा. बाकीचे पावसाळ्यासाठी धंद्यातच ठेवायचे. "आणि ताई काम करतात ना? मग त्यांचाही."

आज सकाळी धंद्याच्या खात्यातून पांडूचा आणि माझा पगार काढला, आणि प्रियाच्या खात्यावर तिचा पाठवला. तिचं खातं बालवाडीत शिकवायची तेव्हाचं, बरीच वर्षं रिकामंच. तिला सांगितलं नव्हतं. ती बाजारात गेली होती. थोड्या वेळाने फोन आला.

"अहो, माझ्या खात्यावर कुणाचे तरी पैसे आलेत. चुकून आलेत वाटतं. परत कसे करायचे?"

"चुकून नाही. तुझा पगार आहे."

पलीकडून नुसता बाजाराचा आवाज. कुणीतरी काकड्यांचा भाव सांगत होतं. मग ती म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला.

दुपार होऊन गेली तरी आली नाही. आई दोनदा दारात जाऊन बघून आली. आली तेव्हा भाजीची पिशवी एका हातात आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तोंडावर हसू, दाबून ठेवलेलं. सरळ आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

सवयीने मी फोन घेऊन मागे गेलो. म्हटलं, "काय घेतलंस? कशात टाकायचं हे, घर की धंदा?"

तिने कपाट लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"कशातच नाही," ती म्हणाली. "हे तुमच्या हिशोबात येत नाही."

बाहेरून आई म्हणाली, "आता बोललीस गो!"

मी फोन खिशात टाकला आणि चहाचं आधण ठेवायला गेलो.